मुलांच्या रुग्णालयात फार्मासिस्टनेच हाती घ्यायचं औषध-संशोधन : सुरुवात कुठून करावी?

बालमात्रा

नमस्कार मंडळी. मुलांच्या रुग्णालयातल्या फार्मसीचं काम बघतो. वॉर्डात राउंडला फार्मासिस्ट असतो, नवजात अतिदक्षता विभाग आहे, सस्पेन्शन (औषधाचे कण तरंगत ठेवलेलं पातळ औषध) आणि पुड्या बनवायला एक छोटी खोली आहे. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाही. डॉक्टरांच्या अभ्यासात आमचं काम औषध मोजून देण्यापुरतंच राहतं. यापुढे प्रश्न आम्हीच ठरवावा, मोजणीही आम्हीच करावी आणि निष्कर्ष लिहून काढावेत असा विचार आहे.

डोक्यात तीन विषय आहेत. पहिला, फार्मासिस्टने करायची प्रिस्क्रिप्शन तपासणी सुरू करण्याआधीच्या आणि नंतरच्या चुका मोजणे. दुसरा, आम्ही बनवतो त्या सस्पेन्शनची मुदत तपासणे. तिसरा, व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाच्या रक्तपातळ्यांचा अभ्यास. यातलं काय झेपेल, काय फसतं आणि का फसतं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. एथिक्स कमिटीकडे कशासाठी जावं लागेल तेही सांगा.

---

खलबत्ता

तिन्ही विषय चांगले आहेत, पण मी चौथा सुचवतो : कागदावरचा डोस आणि मुलाच्या पोटात पोहोचणारा डोस यांतला फरक मोजा. हा प्रश्न फार्मासिस्टच्या टेबलावरचाच आहे. इतर कोणी तो उचलत नाही, आणि निकाल आला की दुसऱ्या दिवशी वॉर्डातली पद्धत बदलता येते.

सर्रास दिसणारी गोष्ट घ्या. २५ मिग्रॅची गोळी, मुलाला हवेत ५ मिग्रॅ. गोळी १० मिली पाण्यात टाकायची, हलवायची, २ मिली काढून द्यायचं. औषध पाण्यात विरघळणारं असेल तर हे बऱ्यापैकी जमतं. स्पायरोनोलॅक्टोनसारखं जवळजवळ न विरघळणारं असेल तर कण तळाशी बसतात. वरून काढलेल्या २ मिलीत औषध कमी येतं आणि तळातून काढलं तर जास्त. एकाच कपातून एकाच वेळी दोन सिस्टरांनी भरलेल्या सिरिंजांत वेगवेगळा डोस असू शकतो.

अभ्यास असा मांडा. आधी त्याच बॅचच्या १० अख्ख्या गोळ्यांतलं औषध मोजा आणि सरासरी काढा, पुढची सगळी टक्केवारी त्या सरासरीवर. लेबलवरच्या आकड्यावर काढू नका, कारण गोळीला लेबलपेक्षा थोडं कमी-जास्त असायची मुभा असते. मग १० कप, प्रत्येकात एक गोळी आणि १० मिली पाणी. हलवल्या हलवल्या लगेच, २ मिनिटं ठेवून आणि ५ मिनिटं ठेवून, असे तीन प्रसंग. प्रत्येक प्रसंगी वरून आणि तळातून २ मिली. एका कपातून एकदाच काढायचं, म्हणजे सहा प्रकारांना ६० कप लागतील. यात काटकसर करून त्याच कपातून पुन्हा काढलंत तर दुसऱ्या नमुन्याचं प्रमाण आधीच बिघडलेलं असतं.

कपात उरलेलं आणि सिरिंज धुऊन निघालेलं औषधही मोजा. काढलेलं, उरलेलं आणि चिकटलेलं यांची बेरीज १०० टक्क्यांच्या जवळ यायला हवी. ती ८० वर थांबली तर २० टक्के कुठेतरी गळालंय आणि बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला जागा नाही.

आता सगळ्यात जास्त फसणारी पायरी. नमुना गाळायचा कधी? न विरघळणाऱ्या औषधाचा पाण्यातला नमुना तसाच गाळला तर न विरघळलेलं औषध गाळणीवर राहतं आणि आकडा खोटाच कमी येतो. आधी मिथेनॉलसारख्या योग्य द्रावकात औषध पूर्ण विरघळवा, मगच गाळा. गाळणी स्वतःच औषध धरून ठेवते का, हेही माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण गाळून एकदा तपासा.

गोळ्या तोडण्याचा अभ्यास त्याहून स्वस्त, नुसता तराजू पुरतो. युरोपियन फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या ग्रंथाची) चाचणी सोपी आहे : ३० गोळ्या तोडा, प्रत्येकीचा एकच तुकडा घ्या, वजन करा. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर एकापेक्षा जास्त तुकडे गेले, किंवा एक जरी ७५ ते १२५ च्या बाहेर गेला, तर गोळी नापास. ही चाचणी मधली खाच असलेल्या गोळ्यांसाठी आहे. वॉर्डात मात्र खाच नसलेल्या गोळ्यांचेही चार तुकडे होतात. तिथे मोजलेले आकडे फार बोलके निघतात.

पेशीनाशक औषधं आणि टॅक्रोलिमससारखी औषधं उघड्या टेबलावर कुटून हे प्रयोग करू नका. त्यांना बंदिस्त कपाट लागतं.

---

वॉर्डफेरी

खलबत्ता यांच्याशी सहमत. त्यात इंजेक्शनचा भाग जोडतो, कारण नवजात बाळांत तिथे जास्त अपाय होतो.

सिरिंजच्या तोंडातली पोकळी बघा. साध्या सिरिंजच्या टोकात आणि सुईच्या हबमध्ये मिळून ०.०७ मिलीच्या आसपास द्रव अडकतो, बनावटीनुसार कमी-जास्त. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं ०.१ मिली काढलं आणि त्याच सिरिंजमध्ये वरून सलाइन ओढलं, की पोकळीतलं ०.०७ मिलीही आत येतं. मुलाला जातं ०.१७ मिली, म्हणजे ७० टक्के जास्त. सिस्टरांनी रेष अचूक वाचलेली असते. चूक पद्धतीत असते. विरळ करायचं तर वेगळ्या सिरिंजमध्ये किंवा वेगळ्या व्हायलमध्ये.

हे मोजायला प्रयोगशाळाही नको. वॉर्डात खरोखर वापरतात त्या प्रत्येक प्रकारच्या सिरिंज-सुईच्या २० जोड्या घ्या, कोरड्या वजन करा, पाणी भरून दट्ट्या पूर्ण दाबा, पुन्हा वजन करा. फरकाच्या ग्रॅमचा आकडा म्हणजेच मिलीचा. ०.१ मिग्रॅपर्यंत वाचणारा तराजू हवा आणि सुईबाहेर लटकलेला थेंब दरवेळी त्याच पद्धतीने टिपायला हवा.

पावडरीच्या व्हायलचंही (इंजेक्शनच्या बाटलीचंही) तसंच. ५०० मिग्रॅ पावडरीने ०.४ मिली जागा व्यापली तर ४.६ मिली पाणी घातल्यावर १०० मिग्रॅ प्रति मिली होतं. ५ मिली घातलं तर एकूण ५.४ मिली होतं आणि प्रमाण ९२.६ वर येतं. मोठ्या माणसाला अख्खी व्हायल जाते म्हणून काही बिघडत नाही. मुलाला त्यातलं १ मिली द्यायचं असतं, त्यामुळे प्रत्येक डोस साडेसात टक्क्यांच्या आसपास कमी जातो. हा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून खरेदीत कंपनी बदलली की तक्ताही बदलायला हवा. आपल्या साठ्यातल्या सगळ्या व्हायलचा असा तक्ता बनवणं हाच एक छोटा, छापण्याजोगा अभ्यास आहे.

---

आकडेमोड

पहिल्या कल्पनेबद्दल लिहितो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

२००१ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला दोन रुग्णालयांतला अभ्यास या विषयात अजून आधार मानला जातो : मुलांच्या १०,७७८ औषध-ऑर्डरी तपासल्या, ६१६ चुका सापडल्या, म्हणजे ५.७ टक्के. अपाय होऊ शकला असता अशा चुकांचं प्रमाण मोठ्यांच्या तुलनेत तिप्पट होतं. पण त्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

चूक कशाला म्हणायचं? 'संदर्भ डोसपेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक' ही व्याख्या बऱ्याच ठिकाणी घेतात. संदर्भ कोणता? एकच फॉर्म्युलरी (डोसचं संदर्भपुस्तक) धरा आणि तिची आवृत्ती लिहून ठेवा. हिशोबाने ४७ मिग्रॅ येतात आणि डॉक्टर ५० लिहितात, हा ६.४ टक्के फरक आहे आणि तो मोजमाप सोपं व्हावं म्हणून मुद्दाम केलेला आहे. त्याला चूक धरलंत तर आकडा फुगेल आणि डॉक्टर तुमच्यापासून दूर जातील. उलट अरुंद मर्यादेच्या (उपयोगी आणि घातक डोस जवळजवळ असलेल्या) औषधांना १० टक्केही जास्त होतात, त्यांची वेगळी यादी करा. दहापट चुका (दशांश चिन्ह सरकणं, १.० चं १० वाचलं जाणं, मिग्रॅ आणि मायक्रोग्रॅमची गल्लत) स्वतंत्र मोजा. त्या संख्येने थोड्या असतात, पण जीवघेण्या त्याच.

भाजक कोणता? चुका प्रति १०० ऑर्डरी, प्रति १००० रुग्ण-दिवस की प्रति १०० दिलेले डोस, तिघांचं चित्र वेगळं दिसतं. एक ऑर्डर म्हणजे पाच दिवसांचे पंधरा डोस असू शकतात. सुरुवातीलाच एक निवडा.

चूक शोधतो कोण? स्वेच्छेने भरलेल्या चूक-नोंदींवर अभ्यास उभा करू नका. तपासणी सुरू झाली की नोंदी वाढतात, आणि चुका कमी होऊनही आलेख वर जातो. आधी आणि नंतर एकाच पद्धतीने, एकाच प्रमाणात ऑर्डरी तपासल्या गेल्या पाहिजेत. दोन तपासनीसांनी एकमेकांचं न बघता किमान १०० ऑर्डरी तपासाव्यात आणि 'कप्पा' (kappa, दोघांचं मत किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढावा. तो ०.६ च्या खाली आला तर व्याख्या ढिली आहे, ती घट्ट करून पुन्हा तपासा. गंभीरतेसाठी एनसीसी मर्प या अमेरिकेतल्या औषध-चुकांवरच्या परिषदेची ए ते आय वर्गवारी वापरा, नवी मोजपट्टी घडवू नका.

आता रचना. 'तीन महिने आधी, तीन महिने नंतर' यावर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये. मधल्या काळात नवे निवासी डॉक्टर आले, साथीचा हंगाम आला, संगणक प्रणाली बदलली, तर फरक कशाने पडला हे कळायचं कसं? दर महिन्याचा आकडा घेऊन इंटरप्टेड टाइम सिरीज करा, म्हणजे बदलाच्या आधीचा आणि नंतरचा कल ताडून बघा. आधीचे ३ आणि नंतरचे ३ बिंदू हा अगदी खालचा उंबरठा झाला. हंगाम पकडायचा तर १२ आणि १२ हवेत. तपासणी अजून सुरू केलेली नाही ही तुमची जमेची बाजू आहे. वॉर्ड पाच-सहा असतील तर तपासणी एकेका वॉर्डात चिठ्ठी टाकून ठरवलेल्या क्रमाने सुरू करा. ज्या वॉर्डांची पाळी यायची आहे तेच तुलनेला मिळतात.

नमुन्याचा हिशोब : ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर घसरण दाखवायची तर ८० टक्के पॉवरसाठी (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक बाजूला १५०० च्या आसपास ऑर्डरी लागतात, तेही सगळ्या एकमेकांपासून स्वतंत्र मानल्या तर. त्या तशा नसतात. एका मुलाच्या सरासरी १० ऑर्डरी आणि त्यांच्यातलं साम्य ०.१ धरलं तर १.९ ने गुणावं लागतं, म्हणजे २८५०. हे गणित न करता सुरू केलेले अभ्यास शेवटी 'फरक दिसला पण सिद्ध झाला नाही' या वाक्यावर येऊन थांबतात.

---

वॉर्डफेरी

@आकडेमोड, रचनेबद्दल वाद नाही. पण छोट्या फार्मसीला २८५० ऑर्डरी दोन्ही बाजूंनी तपासायला लावलंत तर कोणी सुरूच करणार नाही. फार्मासिस्टने सुचवलेले बदल आणि त्यातले किती स्वीकारले गेले, एवढं तरी मोजायला काय हरकत आहे?

---

आकडेमोड

जरूर मोजा, पण त्याला परिणाम म्हणू नका. ९० टक्के सूचना मान्य झाल्या यावरून सूचना पटण्याजोग्या होत्या एवढंच कळतं, मुलाला फायदा झाला का ते कळत नाही. त्यात सोप्या सूचना जास्त केल्या की टक्केवारी आपोआप चढते. त्या नोंदींचा खरा उपयोग पुढचा प्रश्न शोधायला होतो : कोणत्या औषधावर, कोणत्या वेळी, कोणत्या वॉर्डात सूचना पुन्हा पुन्हा कराव्या लागतात?

---

बालमात्रा

भरपूर मिळालं, आभार. सस्पेन्शनच्या मुदतीबद्दल एक विचारतो. जवळच्या फार्मसी कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं त्यावरून औषध मोजणारं यंत्र) आहे. त्यावर भागेल का?

---

खलबत्ता

मुदत ठरवायला नाही. औषध फुटून जे तयार होतं ते बऱ्याचदा त्याच तरंगलांबीला प्रकाश शोषतं. निम्मं औषध गेलेलं असतं आणि यंत्र ९९ टक्के दाखवत राहतं. इथे मूळ औषध आणि त्याचे तुकडे वेगळे करून दाखवणारी पद्धतच हवी, म्हणजे व्यवहारात एचपीएलसी. ती पद्धत तसं करते हे आधी सिद्ध करायचं असतं : औषधाचे वेगवेगळे भाग ०.१ मोलर आम्लात, ०.१ मोलर अल्कलीत, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, ६०-७० अंश उष्णतेत आणि प्रखर उजेडात ठेवा. ५ ते २० टक्के औषध फुटेल इतपतच, पार संपवू नका. मग यंत्राच्या आलेखात तुकड्यांची शिखरं मूळ शिखराला चिकटत नाहीत हे बघा. नुसत्या बेसचं, औषध न घातलेलं सस्पेन्शनही त्याच पद्धतीने चालवा, कारण गोडी आणि परिरक्षकाची (जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या पदार्थाची) शिखरंही मध्येच उगवतात.

कॉलेजशी संयुक्त काम ठरवा. त्यांच्या विद्यार्थ्याला प्रबंध मिळेल, तुम्हाला यंत्र.

मांडणी : वॉर्डात देता त्याच गडद रंगाच्या बाटल्या, प्रत्येक तापमानाला तीन स्वतंत्र बनवलेल्या, फ्रिजमध्ये ५ आणि बाहेर २५ अंशांना. दिवस ०, ७, १४, ३०, ६०, ९०. दरवेळी औषधाचं प्रमाण, पीएच, रंग, वास, आणि किती वेळा हलवल्यावर तळ सुटतो ते. सुरुवातीच्या ९० टक्क्यांच्या वर राहिलं तोवर मुदत. एका बाटलीतून तीनदा काढलेले नमुने म्हणजे तीन बाटल्या नव्हेत, परीक्षक हे पहिलं पकडतात.

आकडे वेडेवाकडे आले, म्हणजे ९४, १०८, ८७, १०३, तर औषध फुटत नसून बाटली नीट हलवली जात नाही असं समजा. हलवण्याची पद्धत वेळेसकट लिहून ठेवा. पुढचं जास्त महत्त्वाचं : आणखी एक बाटली रोज उघडून, घरी आई काढेल तसा डोस काढत राहा आणि तिची जंतुचाचणी करा. न उघडलेली बाटली ९० दिवस टिकली हे घरच्या वापराला लागू होत नाही. सोडियम बेंझोएट परिरक्षक म्हणून आम्लधर्मी मिश्रणातच काम करतं, पीएच ५ च्या वर गेला की त्याचा जोर ओसरतो. ओमेप्राझोलचं २ मिग्रॅ प्रति मिली सस्पेन्शन ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेटमध्ये करतात, कारण ते औषध आम्लात फुटतं. तिथे बेंझोएटचा आधार धरता येत नाही.

---

नवजात_कक्ष

कमी खर्चाचा आणखी एक विषय : औषधाबरोबर जाणारे सहघटक. १९३७ मध्ये अमेरिकेत डायएथिलिन ग्लायकॉल घातलेल्या सल्फानिलामाइड एलिक्झिरने शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात बरीच मुलं होती. १९८२ मध्ये बेंझिल अल्कोहोलमुळे अकाली जन्मलेल्या बाळांत श्वास अडखळण्याचा जीवघेणा विकार नोंदला गेला. तरी आजही डोस तपासताना सहघटक कोणी बेरजेत धरत नाही.

युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने प्रॉपिलिन ग्लायकॉलच्या मर्यादा दिल्यात : २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला १ मिग्रॅ प्रति किलो प्रतिदिन, त्यापुढे पाच वर्षांच्या आत ५०, पुढे ५००. नवजात विभागातल्या जुन्या औषधतक्त्यांवरून प्रत्येक बाळाच्या सगळ्या औषधांतली रोजची बेरीज काढा. एकेक औषध मर्यादेत असतं, बेरीज ओलांडते. अडचण अशी की लेबलवर नाव असतं, प्रमाण नसतं. कंपन्यांना पत्रं लिहावी लागतात आणि उत्तर न आलेली औषधं 'माहिती नाही' म्हणून वेगळी दाखवावी लागतात. तिथे शून्य भरलंत तर अभ्यास बाळाच्या जिवाशी खोटं बोलतो. फेनोबार्बिटॉल, फेनिटॉइन, लोरॅझेपाम यांची इंजेक्शनं आधी बघा.

---

रक्तपातळी

व्हँकोमायसिनबद्दल. मोठ्यांत २०२० च्या मार्गदर्शनानंतर नुसती ट्रफ पातळी (पुढच्या डोसच्या आधीची सगळ्यात कमी पातळी) सोडून एयूसी (दिवसभरात रक्तात राहिलेल्या औषधाचं एकूण माप) ४०० ते ६०० कडे कल गेलाय, मुलांतही ४०० च्या पुढे धरतात. नेहमीच्या तपासणीतल्या पातळ्यांवर अभ्यास उभा राहतो, पण जुन्या नोंदींतल्या वेळा दगा देतात. तक्त्यावर '८ वाजता' लिहिलेलं असतं, म्हणजे डोस ८ ला ठरला होता. पंप सुरू कधी झाला, औषध शरीरात कधी पोहोचलं? लाइनमध्ये (शिरेत जाणाऱ्या नळीत) १.५ मिली जागा आणि वेग ताशी १ मिली असेल तर औषधाचा पहिला थेंब दीड तासाने शिरेत जातो. नंतर फ्लश केलं नाही (सलाइनने नळी धुतली नाही) तर शेवटचा भाग लाइनमध्येच पडून राहतो. तुम्ही 'शिखर' म्हणून काढलेलं रक्त त्याच्या आधीचं असू शकतं. म्हणून पुढे जाऊन नोंदी गोळा करा : पंप सुरू, पंप बंद, फ्लश, रक्त काढलं, चारही वेळा घड्याळ बघून. औषध गेलं त्याच लाइनमधून रक्त काढलं असेल तर तो नमुना बाद.

क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी) जपून वापरा. पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तात आईचंच क्रिएटिनिन असतं. ते मोजायच्या याफे या रंग-पद्धतीत बिलिरुबिनमुळे (कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्यामुळे) आकडा चुकतो, प्रयोगशाळेला एन्झायमॅटिक पद्धत आहे का विचारा. वय लिहिताना जन्मानंतरचे दिवस आणि गर्भधारणेचे आठवडे दोन्ही लिहा.

अभ्यासासाठी जादा रक्त घ्यायचं झालं तर युरोपियन मार्गदर्शनातली मर्यादा पाळा : एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्का, चार आठवड्यांत ३ टक्के. १.२ किलोच्या बाळात एकूण रक्त १०० मिलीच्या आसपास. म्हणजे एका वेळी १ मिली आणि चार आठवड्यांत ३ मिली, अभ्यासाचं सगळं धरून. म्हणूनच नेहमीच्या तपासणीतून उरलेलं रक्त वापरावं, किंवा प्रत्येक बाळाचे एक-दोन नमुने वेगवेगळ्या वेळी घेऊन सगळ्यांचं मिळून पॉप्युलेशन मॉडेल (औषध शरीरात कसं वागतं याचं एकत्रित गणित) करावं.

---

समितीसदस्य

कमिटीबद्दल थोडक्यात. पाणी, गोळ्या, सिरिंज आणि बाटल्यांच्या अभ्यासात रुग्णच नाही, तरी कमिटीचं 'परवानगीची गरज नाही' हे पत्र लेखी घ्या. रुग्णांच्या नोंदी वापरत असाल तर अर्ज करावाच लागतो, मग त्याला गुणवत्ता-सुधारणा म्हणा किंवा संशोधन. काम झाल्यावर मागच्या तारखेने परवानगी मिळत नाही आणि नियतकालिकं तिथेच लेख परत पाठवतात.

जादा रक्त घ्यायचं तर पालकांची लेखी संमती, आणि समजत्या मुलाचा होकारही. बऱ्याच ठिकाणी तो साधारण सात वर्षांपासून घेतात. नकार दिला तर नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील, हे मुलाला त्याच्या भाषेत सांगितलेलं असावं. यादीतून नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही. छोट्या विभागात २५ आठवड्यांचं एकच बाळ असेल तर तेवढ्यावरून ओळखू येतं.

---

बालमात्रा

ठरलं, पाण्यात टाकून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपासून सुरुवात. औषधं कशी निवडू?

---

खलबत्ता

फार्मसीचं रजिस्टर काढा आणि सहा महिन्यांत सगळ्यात लहान गोळीपेक्षा कमी डोस दिला गेला अशा औषधांची यादी करा. त्यातली पाण्यात न विरघळणारी बाजूला घ्या, आणि त्यांतूनही डोस थोडा चुकला तरी बाधणारी आधी. दोन किंवा तीनच औषधं धरा. वॉर्डात जाऊन सिस्टर खरोखर किती पाणी घेतात, कशाने ढवळतात, किती वेळ थांबतात ते बघून प्रयोग तसाच करा. पुस्तकातल्या पद्धतीने केलेला प्रयोग तुमच्या वॉर्डाबद्दल काहीच सांगणार नाही.

तुलनेसाठी कॅप्टोप्रिलसारखं चटकन विरघळणारं एक औषध सोबत ठेवा. ते पाण्यात फार वेळ टिकत नाही, म्हणून लगेच मोजा. त्याचंही २ मिलीत पाचव्या हिश्शाऐवजी भलतंच काही आलं तर गोळीला दोष देऊ नका, आधी तुमची मोजणी दुरुस्त करा.